समुद्रापासून ५० मैल आत

इंग्लंडच्या नकाशावर गूल शोधायचं असेल तर किनाऱ्यावरून बोट फिरवून काही हाती लागत नाही. हंबरच्या मुखातून बोट आत सरकवायचं, उजव्या हाताचं हल शहर मागे टाकायचं, हंबर ब्रिजखालून जायचं, पुढे ट्रेंट आणि ऊझ या नद्या मिळतात तिथे उजवीकडची ऊझ धरायची आणि तिच्या वेड्यावाकड्या वळणांमागून जात राहायचं. दोन्ही बाजूंना बटाटा, गहू, बीट यांची सपाट शेतं. अशा शेतांच्या मधोमध, उत्तर समुद्रापासून सुमारे ५० मैल आत, जहाजं लागतात. समुद्री जहाजं घेणाऱ्या इंग्लंडच्या बंदरांमध्ये इतकं आत दुसरं नाही.

मी हलला राहते. कामासाठी शेफील्डकडे जाणं होतं तेव्हा गाडी गूलला थांबते. स्टेशनाला लागूनच बाजारपेठेच्या रस्त्यावर फाटक आहे. गाडी आली की दोन्हीकडे पिशव्या घेतलेली माणसं, बाबागाड्या आणि सायकली अडून राहतात. खिडकीतून पाण्याच्या दोन टाक्या दिसतात. एक विटांची, सडपातळ, एकोणिसाव्या शतकातली. दुसरी काँक्रीटची, बुटकी आणि अवाढव्य, १९२०च्या दशकातली. गावकरी त्यांना मिठाची आणि मिरपुडीची बाटली म्हणतात. टाक्यांच्या मागे क्रेन. पहिल्या वेळी मला त्या कुठल्यातरी बांधकामाच्या वाटल्या होत्या. त्यांच्या बुडाशी जहाजं असतील हे डोक्यातच येईना, कारण बंदर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मुंबई येते.

माझे मामा मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. हॅचमधून, म्हणजे जहाजाच्या पोटाच्या तोंडातून, मालाची स्लिंग (झोळी) वर आली की त्यात किती पोती, किती पेट्या, याच्या खुणा कागदावर करायच्या, एवढंच काम. पण आयुष्यभर केलं. त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं: मालाला जितके हात लागतात तितका तो महागतो, फुटतो आणि कमी होतो. ‘कमी होतो’ म्हणताना डोळे मिचकावायचे. बंदराबद्दल मी पुढे जे काही वाचलं, पाहिलं, ते सगळं या वाक्यातून गाळूनच माझ्यापर्यंत पोचलं. गूल मला आवडलं तेही त्यामुळेच. या गावाचा सगळा इतिहास म्हणजे माल किती वेळा उचलावा लागतो, या एकाच डोकेदुखीशी दोनशे वर्षं चाललेली झटापट आहे.

गूलच्या धक्क्यांच्या दक्षिणेला एक नदी ऊझला मिळते. नकाशावर ती पट्टीने आखल्यासारखी आहे, आणि नद्या काही इतक्या सरळ वाहत नाहीत. ही डच रिव्हर. १६२६ साली पहिल्या चार्ल्स राजाने कॉर्नेलियस व्हर्माउडन या डच इंजिनिअरशी करार केला: हॅटफील्ड चेसची दलदल कोरडी कर आणि मिळालेल्या जमिनीतला वाटा घे. त्याने डॉन नदीच्या जुन्या वाटा बुजवल्या, सगळं पाणी उत्तरेकडे वळवलं आणि भलत्याच लोकांची शेतं पाण्याखाली घातली. मासेमारी, पाणपक्षी, गवत यांवर जगणाऱ्या माणसांनी बांध फोडले, डच मजुरांना झोडपलं. शेवटी पाण्याला वाट द्यावीच लागली. १६३०च्या दशकात हा सरळ चर खोदून डॉन थेट ऊझला नेली. म्हणजे बंदराचं नावही कुणाच्या डोक्यात नव्हतं तेव्हा त्याची एक कड एका फसलेल्या हिशेबाने आखून ठेवली होती.

बंदर आलं ते कंपनीमुळे. लीड्स आणि वेकफील्डच्या लोकरीच्या व्यापाऱ्यांनी १६९९ साली पार्लमेंटकडून कायदा करून घेतला आणि एअर व काल्डर या नद्या बोटींसाठी सुधारल्या. एअर अँड काल्डर नॅव्हिगेशन हे त्या कंपनीचं नाव. शंभर-सव्वाशे वर्षांत लोकरीसोबत कोळसा आला, बोटी मोठ्या झाल्या, सेल्बीकडून जाणारा जुना उथळ रस्ता अपुरा पडू लागला, आणि दुसरं कुणी नवा कालवा काढेल अशी धास्तीही होती. १८२०मध्ये नॉटिंग्ली ते गूल या कालव्याला मंजुरी मिळाली. २० जुलै १८२६ रोजी कालवा आणि त्याच्या टोकाच्या गोद्या एकदमच सुरू झाल्या. तोवर गूल म्हणजे चार घरं. कंपनीने गोद्यांबरोबर गावही उभं केलं. सगळ्यात आधी उभ्या राहिलेल्या इमारतींत एक हॉटेल होतं, १८२४चं. ठेकेदार एडवर्ड बँक्सच्या नावावरून बँक्स आर्म्स. पुढे त्याचं नाव लोदर झालं, कारण सर जॉन लोदर कंपनीचे अध्यक्ष होते. दोन वर्षांत गूलला परदेशी व्यापाराची परवानगी मिळाली आणि हॅम्बुर्गकडे जहाज सुटलं. हलच्या व्यापाऱ्यांना हे किती झोंबलं असेल! तोवर यॉर्कशायरचा परदेशी जाणारा माल त्यांच्या नाकाखालून, त्यांचा वाटा देऊन जात असे.

आता टॉम पुडिंग. या प्रकरणावर मी तासभर बोलू शकते आणि घरच्यांनी ते सोसलेलं आहे.

अडचण साधी होती. खाणीतून कोळसा बोटीत भरायचा, बोट गूलला आणायची, तिथे फावड्यांनी आणि टोपल्यांनी उपसून जहाजात टाकायचा. कोळसा स्वस्त, त्याची किंमत या उचलाउचलीतच फुगते. शिवाय प्रत्येक वेळी तो फुटतो आणि चुरा झालेल्या कोळशाला भाव कमी. १८४८मध्ये गूलला रेल्वे आली, आणि वाघिणी उलट्या करून कोळसा ओतणं रेल्वेला जमण्यासारखं होतं. कालवा हरणार हे दिसतच होतं. कंपनीचा इंजिनिअर विल्यम हॅमंड बार्थोलोम्यू याने १८६०च्या दशकात त्यावर जो तोडगा काढला, तो ऐकायला अगदी पोरकट वाटतो. त्याने लोखंडी चौकोनी डबे केले. लांबी साधारण २० फूट, रुंदी १५, पोटात ३५ ते ४० टन कोळसा. ना नाळ, ना सुकाणू, ना शीड. पाण्यावर तरंगणारी नुसती पेटी. अशा पेट्या साखळीने एकामागे एक जोडायच्या आणि वाफेच्या टगने ओढायच्या. सुरुवातीला टग मागून ढकलत असे आणि तारा ओढून रांग वळवत असे. मग रांगा लांबल्या, वीसच्या आसपास पेट्या झाल्या, तेव्हा टग पुढे गेला. टगच्या पंख्याचं पाणी पहिल्या पेटीच्या सपाट तोंडावर आपटू नये म्हणून मध्ये पाचरीसारखी एक खोटी नाळ लावत. तिला जेबस म्हणत. पेट्यांना बोटीवाले नुसतं ‘पॅन’ म्हणत. टॉम पुडिंग हे लोकांनी पाडलेलं नाव.

खरी करामत गूलला. धक्क्यावर पाण्याच्या दाबावर चालणारा उंच पाळणा. रांगेतली एक पेटी सोडवायची, तरंगत पाळण्यात आणायची, पेटीसकट पाळणा वर उचलायचा आणि उंचावर नेऊन पेटी कलंडवायची. ४० टन कोळसा घसरगुंडीवरून सरळ जहाजाच्या पोटात. रिकामी पेटी पुन्हा पाण्यात, दुसरी आत. जहाजाच्या तळाशी ट्रिमर उभे असत. पडलेला ढीग फावड्यांनी कडेपर्यंत पसरायचा, नाहीतर जहाज कलतं. त्या धुरळ्यात ही माणसं काय श्वास घेत असतील, याबद्दल पाळण्याच्या कौतुकात फारसं कुणी लिहीत नाही. पहिल्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी, १९१३मध्ये, या पेट्यांतून १५ लाख टनांहून जास्त कोळसा गेला. शेवटची पेटी १९८०च्या दशकात, १९८६च्या सुमारास, उलटी झाली. सव्वाशे वर्षं एकच यंत्रणा. एवढं आयुष्य आज कुठल्या यंत्राला मिळतं?

टॉम पुडिंग म्हणजे कंटेनरचा खापरपणजोबा, असं बरेच लोक सांगतात. मला ते पटत नाही. कंटेनर कारखान्यात बंद होतो आणि दुकानाच्या दारात उघडतो. मधल्या कुणाला आत काय आहे याच्याशी घेणंदेणं नाही. टॉम पुडिंग जहाजाशी येऊन रिकामं होत होतं. पेटी पुढे जात नव्हती, कोळसा जात होता. बार्थोलोम्यूने हात लावणं टाळलं नाही, हातांच्या जागी लोखंड आणलं. मामांच्या भाषेत सांगायचं तर मालाची एकही उचल कमी झाली नाही. उचलला तेवढाच, पण फुकटात.

पाच पाळण्यांपैकी आज साउथ डॉकमध्ये एक उरलाय, पाचव्या क्रमांकाचा, वारसा म्हणून जपलेला. जवळ गेलं की त्याचं गंजलेलं लोखंड, कप्प्या आणि वरची लाकडी खोली दिसते. त्या खोलीत बसून कुणीतरी दिवसभर पेट्या उलट्या करत असे.

गूलला माल आणायची कटकट वेगळीच आहे. नदी. हंबरचा वरचा भाग म्हणजे सरकणारी वाळू. आज जिथे खोली आहे तिथे पुढच्या महिन्यात असेलच असं नाही, म्हणून तळ सतत मोजावा लागतो, वाट दाखवणाऱ्या तरंगत्या बोयी हलवाव्या लागतात, नकाशे नव्याने काढावे लागतात. ऊझच्या खालच्या भागात १८८४नंतर कंपनीने दोन्ही कडांना दगडी बांध घातले, म्हणजे प्रवाह आखडून स्वतःच तळ खरवडत राहील. एवढं करूनही जहाज येतं ते भरतीच्या मेहेरबानीवर. बाहेर हंबरच्या मुखाशी, स्पर्नपाशी, पायलट (नदीची वाट माहीत असलेला वाटाड्या) चढतो आणि जहाज भरतीच्या पाठीवर बसून वर येतं. उधाणाच्या दिवसांत पाणी भरपूर. भांगाच्या दिवसांत तेच जहाज कमी माल भरून येतं, कारण तळाशी तेवढी जागाच नसते. वाटेत चुकलं तर ओहोटी थांबत नाही, आणि जहाज चिखलात टेकून पुढच्या भरतीची वाट पाहतं. असं कितीदा तरी झालंय.

माझ्या आईचं माहेर राजापूरचं. तिथल्या खाडीतून एके काळी अरबस्तानची गलबतं गावापर्यंत येत, इंग्रजांनी वखार घातली, शिवाजी महाराजांनी १६६१मध्ये ती लुटली. मग गाळ भरत गेला आणि बंदर पुस्तकात जाऊन बसलं. गूलचा चिखल राजापूरपेक्षा काही सज्जन नाही. फरक असा, की इथे मागे कोळसा होता आणि चिखल काढायला लागणारा पैसा कोळसा देत होता.

नदी अशी वर-खाली होणार, तर गोदी मात्र स्थिर हवी. त्यासाठी लॉक: दोन दरवाज्यांमधली पाण्याची खोली, नदीच्या बाजूने जहाज आत घ्यायचं, दरवाजा मिटायचा, पाणी गोदीच्या पातळीला आणायचं, मग आतला दरवाजा. मुंबईच्या इंदिरा गोदीलाही असंच लॉक आहे, त्यामुळे मला यात नवल वाटू नये. पण गूलमध्ये गोद्यांचं पाणी मागच्या कालव्याशी जोडलेलं आहे, आणि लॉकमध्ये उभ्या जहाजाचा कॅप्टन खाली नदी आणि पलीकडे घरांच्या खिडक्या एकाच वेळी पाहतो. १९३८चं ओशन लॉक सगळ्यांत मोठं. त्यातून येणारं जहाज फार तर १०० मीटर लांबीचं, माल साडेचार हजार टनांच्या आसपास. फेलिक्सस्टो या मोठ्या कंटेनर बंदराला ४०० मीटरची जहाजं लागतात. गूलच्या जहाजाला तिथली बोट म्हणून टांगून ठेवता येईल.

छोट्या बंदराची माणसं मात्र छोटी नव्हती. १९०५च्या सुमारास लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेने गूलची जहाज कंपनी विकत घेतली आणि हॅम्बुर्ग, अँटवर्प, रॉटरडॅमच्या नियमित फेऱ्या सुरू ठेवल्या. ऑगस्ट १९१४मध्ये युद्ध पुकारलं गेलं तेव्हा गूलची जहाजं जर्मन बंदरात होती. खलाशी अडकले आणि बर्लिनजवळच्या रूलेबेन छावणीत गेले. पुढच्या वर्षी ९ ऑगस्टच्या रात्री एल-९ हे झेपेलिन, म्हणजे जर्मन हवाई जहाज, हल शोधत आलं, वाट चुकलं आणि गूलवर बॉम्ब टाकून गेलं. १६ माणसं मेली, त्यांत लहान मुलंही होती. सेंट जॉन चर्च गोदीला इतकं लागून आहे, की त्याच्या मनोऱ्यापासून क्रेनपर्यंत हाक ऐकू जावी. आत बुडालेल्या गूलच्या जहाजांच्या स्मृतिपाट्या आहेत.

याच धक्क्यांवर रूबेन चॅपेल नावाचा चित्रकार फिरायचा. जन्म १८७०, गूलचाच. जहाज लागलं की हा कागद घेऊन हजर. कॅप्टनला, मेटला, आचाऱ्याला काही शिलिंगांत त्यांच्या जहाजाचं चित्र काढून द्यायचा. समुद्र जवळपास नेहमी तोच हिरवट, लाटा त्याच ठरावीक, पण दोरखंड, शिडं, धुरांड्याचा रंग, नावाचं अक्षर बिनचूक. कारण गिऱ्हाईक खलाशी होतं आणि एक दोरी चुकली असती तर पैसे मिळाले नसते. पुढे तो कॉर्नवॉलला पार या बंदरगावी गेला, पण हजारो चित्रं काढण्याची सवय सुटली नाही. गूलच्या संग्रहालयात त्याची चित्रं आहेत. नामांकित चित्रकारांच्या तुफानी समुद्रांपेक्षा मला ही जास्त आवडतात. त्यातलं जहाज कुठेतरी माल पोचवायला निघालेलं वाटतं.

कामगारांचं सांगायचं तर गूल आणि मुंबई यांची गोष्ट एका वळणावर चक्क एकच होते. दोन्हीकडे सकाळी गेटसमोर घोळका, आणि मुकादम बोट दाखवेल त्याला त्या दिवसाचं काम. ब्रिटनमध्ये १९४७ साली डॉक लेबर स्कीम आली: नोंदणी झालेल्या गोदी कामगाराला काम नसलं तरी हजेरीचा पैसा. लगेच पुढच्या वर्षी, १९४८मध्ये, भारताने गोदी कामगारांसाठी त्याच धाटणीचा कायदा केला आणि मुंबईत डॉक लेबर बोर्ड उभं राहिलं. मामा त्याचं नाव आदराने घेत. ब्रिटनमधली योजना १९८९मध्ये मोडीत निघाली. फेलिक्सस्टो या योजनेच्या बाहेरचं बंदर होतं आणि कंटेनर घेऊन तेच वाढलं, हा योगायोग आहे असं मला कुणी पटवून दिलेलं नाही.

कोळसाही गेला. गूलच्या पश्चिमेला, त्याच कालव्याच्या काठी, केलिंग्ली ही ब्रिटनची शेवटची खोल कोळसा खाण होती. डिसेंबर २०१५मध्ये ती बंद झाली. गोद्यांची मालकी राष्ट्रीयीकरणातून फिरत १९८०च्या दशकात असोसिएटेड ब्रिटिश पोर्ट्सकडे, म्हणजे पुन्हा खासगी हातांत आली. गावाच्या कडेला सीमेन्सचा रेल्वे कारखाना आला, तिथे लंडनच्या पिकाडिली लाइनच्या गाड्या जोडतात. आणि गोदीत? पोलाद, लाकूड, धान्य, खत. रस्त्यावरून जाळीपलीकडे पोलादाच्या गुंडाळ्या आणि ताडपत्रीखालचे ढीग दिसतात. खत उतरत असलं की वाऱ्यावरून कळतं.

एवढ्याशा बंदराला हे कसं परवडतं, हे मी मामांच्या पद्धतीने मांडून पाहिलं. ३००० टनांचं जहाज गूलपर्यंत आलं तर तो माल ५० मैल पाण्यावरच आत आला. तोच किनाऱ्यावर उतरवला तर एका ट्रकवर २८ टन धरून शंभराच्या वर ट्रक. दार एम-६२ महामार्गाला लागून, रेल्वे गोदीत. ऱ्हाइनवरच्या गावातलं जहाज नदीतून निघून, समुद्र ओलांडून, पुन्हा नदीत शिरून इथे येतं. मध्ये कुठेही माल उचलत नाहीत.

हे सगळं मला पटतं, आणि म्हणूनच कालव्याकडे पाहून चिडचिड होते. गूलपासून लीड्सपर्यंत तो आजही धड आहे, त्याची लॉक ६०० टनांच्या बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालबोटी, घेतात. एक बार्ज म्हणजे वीसहून जास्त ट्रक. तरी बहुतेक दिवशी त्याच्यावर सहलीच्या बोटी आणि बदकं, आणि शेजारच्या एम-६२वर ट्रकची रांग. सरकारला शिव्या देऊन झाल्यावर मी पुन्हा हिशेब केला तर उत्तर बार्थोलोम्यूच्या वेळचंच आलं. जहाजातून बार्जमध्ये एकदा, बार्जमधून लीड्सच्या धक्क्यावर दुसऱ्यांदा, तिथून ट्रकवर तिसऱ्यांदा. ट्रकला पहिल्यापासून घेतलं तर एकदाच. ५० किलोमीटरच्या वाटेत पाण्याने वाचवलेलं डिझेल त्या दोन जास्तीच्या उचलींत बुडतं. कोळशाला पेटीसकट उलटं करता आलं. पोलादाच्या गुंडाळीला आणि लाकडाच्या गठ्ठ्याला तसं उलटं करून चालत नाही, आणि त्यांच्यासाठी दुसरी काही युक्ती अजून कुणाला सुचलेली नाही.